चित्रकंदील आणि न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, कपाट उघडल्याबरोबर नाकाला झोंबला तो मातीच्या तेलाचा, रॉकेलचा वास माझाच. आता त्याला इलाज नाही. जन्मभर जे प्यायलो त्याचाच वास येणार. मी एक जुना चित्रकंदील आहे. अंगाचा पत्रा काळा, डोक्यावर धुराडं, पोटात तीन वातींचा दिवा आणि पुढे पितळी नळीत बसवलेलं जाड भिंग. चित्र रंगवलेली काच माझ्या खाचेत सरकवली, की समोरच्या पांढऱ्या चादरीवर तेच चित्र पुरुषभर उंच होऊन उभं राहतं. एवढंच माझं कसब. लोक त्याला जादू म्हणायचे, आणि मीही त्यांना म्हणू द्यायचो.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकूनठाकून आकार दिला, पेंढ्यात गुंडाळलं आणि जहाजात चढवलं. मुंबईहून आगगाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि अमरावतीच्या एका कचेरीत टेबलावर जाऊन बसलो. तिथे दोन वर्षं कुणी दिवासुद्धा लावला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची वस्तू झालो होतो. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठे साहेब नागपुरात बसत आणि हुकूम तिथून निघत. असाच एक हुकूम निघाला आणि एकोणीसशे एकवीस साली माझी रवानगी मोर्शीच्या मराठी शाळेत झाली. सोबत चाळीस काचांची लाकडी पेटी आणि कोणत्या चित्राला काय बोलायचं ते छापलेली एक वही.

विलायतेचा म्हणून मी जरा तोऱ्यात होतो, खोटं कशाला बोलू? बैलबंडीत आदळत जाताना मनात म्हणत होतो, आपली किंमत कळणारं या काळ्या मातीत कोण भेटणार! भेटले ते शालिकराम गुरुजी.

गुरुजी म्हणजे वाळक्या अंगाचे, तपकीर ओढणारे, तिरसट बोलणारे गृहस्थ. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांची बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. शाळेला लागूनच एक खोली होती, तिथे एकटेच राहायचे आणि हाताने भाकरी थापायचे. माझी जागा त्याच खोलीतल्या फळीवर. संध्याकाळी ते धोतराच्या मऊ तुकड्याने माझं भिंग पुसायचे आणि माझ्याशीच बोलायचे. आज अमका का आला नाही, तमक्याच्या डोक्यात हिशेब काहून शिरून राहिला नाही, असलंच काहीबाही. उत्तर तर मी देऊ शकत नव्हतो. पण ऐकणारं कुणी आहे एवढ्यावरच ते समाधानी असावेत. आम्ही दोघेही एकटेच होतो, म्हणून आमचं जमलं.

पहिल्या दिवशी गुरुजींनी वहीत लिहिल्याबरहुकूम सगळं केलं. पोरांनी घरून पोती आणि घोंगड्या आणल्या. भर दुपारी खिडक्यांवर त्या टांगून वर्गात काळोख केला. एका तासात चाळीस काचा सरकल्या आणि चाळीस वेळा वही वाचली गेली. पोरांचे डोळे बशीएवढे झाले. मला वाटलं, जिंकलं! दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, काल काय पाहिलं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "लय सुंदर चित्रं पाह्यली, गुरुजी." आणखी काय? पुढे अळीमिळी गुपचिळी. गुरुजींनी पाच-सहा जणांना उभं करून पाहिलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं. पालथ्या घड्यावर पाणी ते हेच.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वही गुंडाळून ठेवली. चित्रं पाचच दाखवायची. एक चित्र झालं की माझ्या भिंगावर झाकण घालायचं आणि त्या मिट्ट काळोखात विचारायचं. वहीत ज्याचं उत्तर आहे ते विचारायचं नाही, असा त्यांनी स्वतःलाच दंडक घातला होता. ते म्हणायचे, "माह्या डोयाले काय दिसते ते मले ठाऊक हाय. तुले काय दिसलं ते सांग." आणि मग गप्प बसायचे. कितीही वेळ लागो, बसायचे.

गंमत बघा. उजेडात ज्याची जीभ टाळूला चिकटायची तो काळोखात बोलू लागला. कोण बोललं ते दिसत नाही, मग लाज कसली? हिमालयाचं चित्र झालं तर एकजण म्हणाला, हा जिनातला सरकी काढलेला कापूस आहे. पोरं खिदळली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कापूस हाय तर त्याच्यावरून मानूस काहून घसरून राह्यला?" झालं! त्यावर अर्धा तास वाद चालला. बर्फ न बघितलेल्या पोरांनी बर्फ गार असतो, गुळगुळीत असतो आणि उन्हात विरघळतो, एवढं सगळं आपल्या आपण शोधून काढलं. मी तोंड झाकून त्या काळोखात बसलेला असायचो. पोट गरम, आणि चहूबाजूंनी आवाज. मित्रांनो, चित्र दाखवताना मला कधी इतका आनंद झाला नाही, जितका झाकण पडल्यावर व्हायचा.

आता एका काचेबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. ती काच संत्र्याच्या झाडाला पाणी कसं द्यावं याची होती. मोर्शी म्हणजे संत्र्यांचा मुलूख, तुम्हाला ठाऊकच आहे. संत्र्याच्या खोडाला पाणी लागलं की बुडाशी साल कुजते, डिंक गळतो आणि झाड हळूहळू मरतं. म्हणून दुहेरी आळं करायचं. खोडाजवळ मातीचा वाटोळा बांध घालून आतली जागा कोरडी ठेवायची आणि पाणी बांधाबाहेरच्या आळ्यात सोडायचं. काचेवर दोन झाडं रंगवली होती. डाव्या बाजूचं बरोबर, दुहेरी आळ्याचं. उजव्या बाजूचं चुकीचं, खोडाला पाणी टेकलेलं. चित्रकाराने मात्र दोन्ही झाडं सारखीच हिरवीगार आणि फळांनी लदबदलेली रंगवली होती. कदाचित त्याने संत्री फक्त बाजारात पाहिली असतील.

माझ्यात काच घालायची ती डोक्यावर उलटी, आणि तिची एक ठरावीक बाजू दिव्याकडे करून. बाजू चुकली तर डावीकडचं उजवीकडे जातं. चुकू नये म्हणून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कागदाचा एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो, अंगठा तिथे ठेवायचा. या काचेवरचा ठिपका पहिल्याच पावसाळ्यात निघून गेला. गुरुजींनी तो पुन्हा लावला नाही. आळस म्हणून नव्हे. एकदा ती काच उलट्या बाजूने गेली आणि गुरुजी म्हणाले, डावीकडच्या झाडासारखं पाणी द्यावं. झाकण पडलं. तेव्हा काळोखातून एक बारीक आवाज आला. वर्गात तीनच पोरी होत्या, त्यांतली सत्यवती, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याची. ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी ज्याले चांगलं म्हनून राह्यले त्याच्याच बुडाले पानी हाय."

गुरुजींनी काच काढून पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "सांगतलं ना माय तू, बेस सांगतलं!" तेव्हापासून ती काच त्यांनी तशीच ठेवली, बिनठिपक्याची. दरसाल नव्या पोरांपुढे ती हाताला येईल तशी घालायची आणि कोण पकडतं ते पाहायचं. दरसाल कुणी ना कुणी पकडायचंच. त्या वर्गात चूक जगूच शकत नव्हती.

अशी पाच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता आणि हातात छापील कागद होता. गुरुजींनी नेहमीसारखी पाच चित्रं दाखवली. पोरं काळोखात भांडत होती आणि साहेब काडी ओढून घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी घोंगड्या काढायला लावल्या आणि म्हणाले, "गुरुजी, एका तासात पाचच? पेटीत तर चाळीस आहेत." गुरुजी म्हणाले, "साहेब, चित्रं पाच झाली, पन पोरं किती बोलली ते पाहा." साहेब हसले. त्यांच्या कागदावर 'दाखवलेली चित्रे' असा रकाना होता. पोरांच्या बोलण्याला रकाना नव्हता. त्यांनी रकान्यात पाचचा आकडा घातला.

महिन्याभरात हुकूम आला. कंदिलाचा या शाळेत पुरेसा उपयोग होत नाही, सबब तो फिरत्या व्याख्यात्याकडे द्यावा. गुरुजींनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग एक दिवस शिपाई बंडी घेऊन दारात उभा राहिला.

तो दिवस मी विसरलेलो नाही. गुरुजींनी मला पुसलं, फडक्यात बांधलं, काचांच्या पेटीला दोरी आवळली. तोंडातून एक शब्द नाही. शिपाई भला माणूस होता. त्याने विचारलं, गुरुजी, सामानाबद्दल काही सांगायचं असलं तर सांगा, मी पुढे सांगेन. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली आणि पाठ फिरवली. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणारा माणूस त्या दिवशी रुसून बसला होता. मला वाटलं, माझ्या विरहाने त्यांना बोलवत नसेल. त्या मुक्या निरोपाचं मला केवढं कौतुक वाटलं! बंडीत बसून मी स्वतःवरच खूश होत गेलो. शहाणा म्हणवणारा मी, पण अक्कल तेवढीच.

फिरते व्याख्याते ओमप्रकाशबाबू अकोल्याचे. तरुण, गोरेपान, कोटाला साखळीचं घड्याळ आणि आवाज असा, की बाजारातले बैलसुद्धा कान टवकारतील. वही त्यांना तोंडपाठ होती. चाळीस काचा, चाळीस मिनिटं. ते मला पॉलिश लावायचे, धुराडं लख्ख ठेवायचे. आमची वरात अकोला, पातूर, तिवसा अशी वऱ्हाडभर फिरू लागली. बाजाराच्या दिवशी कापसाच्या जिनातलं एखादं गोदाम मिळायचं. दारं लावली की भर दुपारी तिथे मध्यरात्र. तीनतीनशे माणसं दाटीवाटीने बसायची. शेवटच्या चित्राला टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, आणि लगेच दारं उघडून लोक बाजाराला पांगायचे. जाताना मला हात लावून बघायचे. काय मशीन आहे, काय मशीन आहे, म्हणायचे. अमरावतीच्या कचेरीत आमच्या नावाने शाबासकीचं पत्रही आलं.

आणि मित्रांनो, खरं सांगतो, इतका एकटा मी कधीच नव्हतो. अमरावतीच्या टेबलावर धूळ खात होतो तेव्हाही नाही. एक चित्र गेलं की दुसरं, दुसरं गेलं की तिसरं. झाकण पडायचं ते थेट शेवटी, सामान आवरण्यासाठी. त्या लोकांना काय दिसलं, काय वाटलं, काही कळायचं नाही. मी दाखवत होतो, ते बघत होते, आणि आमच्यात बोलणं नाही. पंगतीला तीनशे पानं वाढावीत आणि कुणी घास घेतला की नाही ते वाढणाऱ्याला कळूच नये, तसं व्हायचं. मोर्शीची आठवण यायची. गुरुजी आता कुणाशी बोलत असतील, असा विचार यायचा. वात चढवली की तोही विचार धुराबरोबर वर जायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही मोर्शीला गेलो. मी तर हरखूनच गेलो होतो. गोदामात माणसं आत येऊ लागली तसा मी एकेक चेहरा न्याहाळत होतो. गुरुजी आले नाहीत. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्यांचा राग अजून गेला नव्हता.

आणि त्या दुपारी संत्र्याची काच उलट्या बाजूने खाचेत शिरली. ओमप्रकाशबाबूंचा काय दोष? त्यांचा अंगठा ठिपका शोधत फिरला, सापडला नाही, घाई होती, सरकवली. पडद्यावर दोन झाडं उभी राहिली आणि खणखणीत आवाज घुमला, "डावीकडचं झाड नीट पाहून घ्या. पाणी द्यायचं ते असं!" डावीकडे खोड पाण्यात उभं होतं.

माझ्या तिन्ही वाती फडफडल्या. ओमप्रकाशबाबूंना वाटलं काजळी धरली, त्यांनी वाती खाली केल्या. मी गर्दीकडे पाहिलं. अहो, अर्धी मोर्शी बागाईतदारांची! जानराव माळी दुसऱ्या ओळीतच होता. त्याने शेजाऱ्याला कोपरखळी मारली आणि मिशीत हसला. आणखी चार-पाच जण तसेच हसले. जाणणारे जाणत होते. पण सरकारी माणसाला भर सभेत टोकायचं कुणी? आपल्याला काय करायचं, आपली बाग बरी आहे. आणि पहिल्या ओळीत खुशालराव बसले होते. चांगल्या काळ्या जमिनीचे धनी, सात पिढ्या कापूस पेरणारे. संत्र्यात मात्र नवखे. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. ते क्षणभर घुटमळले, त्यांनी मागे वळून इतरांकडे पाहिलं. सगळे गप्प. मग तेही वळले आणि ओठ हलवत पाठ करू लागले, डावीकडचं, डावीकडचं. इतक्यात पुढची काच आली.

त्यानंतर काय झालं ते मला वर्ष उलटेपर्यंत कळलं नाही. कळलं ते तिवशाला.

तिवशाच्या गोदामात त्या दुपारी नेहमीसारखीच दाटी होती. संत्र्याची काच आली आणि पुन्हा उलटीच आली. "डावीकडचं झाड," ओमप्रकाशबाबूंनी सुरुवात केली, तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं आणि लोकांच्या मधून वाट काढत पुढे आलं. फेटेवाली उंच सावली चादरीवर पडली आणि दोन्ही झाडं झाकली गेली.

"थांबा," ती सावली म्हणाली. "काच उलटी हाय."

ओमप्रकाशबाबू म्हणाले, खाली बसा, जे काय असेल ते नंतर विचारा. सावली हलली नाही. "मांगच्या साली मोर्शीलेबी नंतरच होतं. नंतर तुमी निंघून गेले."

ते खुशालराव होते. एवढ्या लांब ते स्वतः बंडी हाकून आले होते. मग ते गर्दीकडे वळून बोलले. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या ओळीपर्यंत पोचत होता.

"मी मोर्शीचा खुशालराव. दीडशे कलमं लावली होती. जानराव माळी माहा धुऱ्याचा शेजारी, त्याचं वावर माह्या वावराले लागून. त्यानं माह्या हातून दुहेरी आळं करून घेतलं होतं. मी हे चित्र पाह्यलं, घरी गेलो अन् आतले बांध मोडले. जानराव म्हने, पाटील, नका मोडू. मी म्हनलं, तुले जास्त समजते का सरकारच्या काचेले? आज एकशे बारा झाडं वाळून उभी हायेत."

एक मोठा जमीनदार परगावच्या तीनशे माणसांपुढे उभा राहून आपण कसे फसलो ते सांगत होता. वऱ्हाडातला पाटील एकवेळ मान देईल, पण अशी खाली घालणार नाही. सांगताना त्यांनी फेट्याचा शेव हातात घट्ट धरला होता.

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. झाडं वाळू लागली तसे ते काठी घेऊन शाळेत गेले होते, हा कंदील याच शाळेचा म्हणून. शालिकराम गुरुजींनी त्यांना बसवलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, डावीकडे काय दिसलं होतं? उजवीकडे काय? दुसऱ्या उत्तराला गुरुजींना सगळं उमगलं. म्हणाले, "त्या काचेचा ठिपका गेला हाय हे मले ठाऊक होतं. शिपाई इचारून राह्यला होता, काही सांगाचं हाय का. मी रुसून बसलो. हे झाडं मी मारली, खुशालराव." काठी घेऊन गेलेला माणूस तीच काठी टेकत घरी आला. निघताना गुरुजींनी एकच विचारलं होतं. चित्र पाहताना तुम्हाला शंका आली होती का?

"आली होती," खुशालराव म्हणाले. "पन सगळे गप्प होते. म्या म्हनलं, मीच एकटा कसा बोलू? म्हनून आज आलो. कोनाले इचाराचं असन तर आताच इचारा."

मग मागच्या बाजूने, भाजीची टोपली मांडीवर घेतलेल्या पार्बताबाई नावाच्या एका म्हातारीने विचारलं, "मंग बापू, खरं कोनतं?" ओमप्रकाशबाबूंनी काच काढली, फिरवली आणि पुन्हा घातली. आणि मग जे सुरू झालं, काय सांगू! पाणी किती दिवसांनी द्यायचं? डिंक दिसला तर काय करायचं? ते मघाचं पटकीच्या साथीचं चित्र पुन्हा दाखवा, त्यातली विहीर कुणाची? माणसं एकमेकांना उत्तरं देत होती, चुकवत होती, दुरुस्त करत होती. त्या दिवशी नऊच चित्रं झाली. माझं अंग असं तापलं होतं, जसं मोर्शीला तापायचं.

सगळे गेल्यावर ओमप्रकाशबाबू रिकाम्या गोदामात माझ्याजवळ आले. मग त्यांनी खिशातल्या एका पाकिटाचा कोपरा फाडला, गोल कातरला आणि काचेला खळीने चिकटवला. अंगठ्याने किती वेळ दाबून धरला होता.

पण वर कळवायचं ते कुणीतरी कळवलंच. तिवशाला सभेत गोंधळ झाला, चित्रं पूर्ण झाली नाहीत, असा शेरा आला. तोवर हलणारी चित्रं दाखवणारी यंत्रंही निघाली होती. ओमप्रकाशबाबूंना दुसरं काम मिळालं आणि मला अकोल्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या कोठीत टाकलं. तेच हे कपाट. इथे आल्याला आता वीसेक वर्षं होत आली. गंज चढलाय, भिंगाला बुरशीची जाळी आली आहे, वाती उंदरांनी नेल्या.

त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते वेगळंच. तिवशानंतर गुरुजींचं नाव कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. ते पुन्हा वर्गात विचारू लागले का? खुशालराव त्यांच्याकडे परत गेले का? ती एकशे बारा झाडं मनावर घेऊन गुरुजी किती वर्षं त्या खोलीत एकटे राहिले, की आता राहिलेच नाहीत? कोठीत झाडू मारायला गंगूबाई येते, तिच्याकडे मी आशेने पाहतो. तिला काय माहीत?

शेजारच्या खोलीत आता मुलांना चित्रपट दाखवतात. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. यंत्राची घरघर, बाजा, इंग्रजी बोलणं, मुलांचं हसणं. मग घरघर थांबते. त्या क्षणी मी श्वास रोखतो म्हणा ना, श्वास असता तर. आता कुणीतरी म्हणेल, थांबा रे, तुम्हाला काय दिसलं? पण खिडक्या धाडधाड उघडतात, बाकं सरकतात आणि पावलं अंगणात धावत जातात. दर शनिवारी हेच. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच शांतता असते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. काच उलटी गेली हे मला ठाऊक होतं, ते ठाऊक असून काही करता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. चित्र संपल्यावर लगेच उठू नका. गुरुजींनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. समोर सगळे गप्प असले तर तुमची शंका खोटी आहे असं समजू नका, त्यांच्याही पोटात तीच असेल. मोर्शीच्या त्या दुपारी एक शब्द पुरला असता. मला तोंड नव्हतं. तिथे बसलेल्या तीनशे माणसांना होतं.